खारवाडीला दिलेला शब्द

अण्णांचा गौरवग्रंथ निघाला तेव्हा संपादक मंडळी माझ्याकडेही आली होती. 'मुलीच्या नजरेतून' असा काहीसा मथळा त्यांनी आधीच ठरवून आणला होता. मी त्यांना चहा दिला आणि कबूल केलेल्या दिवशी लेख हातात ठेवला. त्यात अण्णांचे शिक्षण, रत्नागिरीतली वकिली, लोकसभेतल्या दोन खेपा, बंदरासाठी केलेली खटपट, पालीच्या बाजूच्या रस्त्यासाठी घातलेले हेलपाटे असे सगळे क्रमाने होते. एकही चूक नव्हती. मला गोष्टी क्रमाने मांडायची सवय आहे. वाणसामानापासून लग्नकार्यापर्यंत माझ्या याद्या नातेवाइकांत प्रसिद्ध आहेत आणि त्यावरून मला पुरेशी चेष्टाही ऐकून घ्यावी लागते. त्या लेखात खारवाडी नव्हती. ती त्या क्रमात कुठेच बसत नाही. म्हणून तिला इथे स्वतंत्र जागा देते.

आमचे घर कोर्टापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. जांभ्या दगडाचे, पुढे लांबट ओटी, ओटीच्या एका टोकाला अण्णांची कचेरी आणि दुसऱ्या टोकाला झोपाळा. सकाळी विहिरीवरचा रहाट कुरकुरू लागला की त्यामागोमाग कचेरीत भिकाजी कारकुनांचा टाइपरायटर सुरू होई. भिकाजी दोनच बोटांनी टंकत, पण त्यांचा ठेका असा पक्का होता की तो चुकला म्हणजे कोणीतरी अशील आत शिरले हे आईला स्वयंपाकघरात कळे आणि ती चहाचे आधण वाढवी. लांबच्या गावांतून आलेली माणसे सकाळपासून ओटीवर बसलेली असत. कोणी देवरुखकडचा, कोणी खाडीपलीकडचा. तारीख असलेल्या माणसाला आई रिकाम्या पोटी कोर्टात जाऊ देत नसे. मऊ तांदळाची पेज, त्यात मेतकूट, बाजूला आंब्याचे लोणचे. "उपाशी माणसाची साक्ष फाटते," असे तिचे स्वतःचे कायद्याचे ज्ञान होते आणि अण्णा ते मान्य करीत.

अण्णांची एक पद्धत होती. मोठ्या खटल्याचा युक्तिवाद ते आधी घरात करून बघत. मी झोपाळ्यावर न्यायाधीश म्हणून बसायची आणि भिकाजी विरुद्ध बाजूचे वकील व्हायचे. झोपाळा हलवायचा नाही ही अट. जरा पाय टेकून झोका घेतला की अण्णा थांबत आणि म्हणत, "न्यायासन हलत नाही, सुमे." मग ते ओटीवर येरझाऱ्या घालीत बोलू लागत. आवाज चढवायचा नाही, हातवारे करायचे नाहीत, एकेक मुद्दा समोर ठेवायचा आणि पुढे जायचे. मला काही कळले नाही तर मी "पुढची तारीख!" म्हणून ओरडायची. त्यावर भिकाजी खूश होत, कारण त्यांची बाजू नेहमी तारखांवरच जगे. आज मी जे थोडेफार नीटनेटके बोलते ते त्या झोपाळ्यावर शिकले. अण्णांचे हे एक देणे मी कधीच नाकारले नाही.

एकदा मी त्यांना विचारले होते, कोर्टात तुम्ही बोलता ते सगळे साहेब लिहून मागतात का? अण्णा म्हणाले, "अगो, वकिलाने उभं राहून साहेबांना शब्द दिला की तो झाला. कागद लागत नाही. ज्याच्या शब्दाला कागद लागतो त्याने काळा कोट घालू नये." तेव्हा मी शाळेत होते आणि हे वाक्य मला इतके आवडले की मी ते मैत्रिणींना सांगत सुटले होते.

खारवाडी हे गाव खाडीच्या पलीकडे. तरीने, म्हणजे होडीने, जावे लागे. खाली किनाऱ्याला मुसलमानांचा मोहल्ला, वर टेपावर कुणब्यांची घरे, आणि दोघांच्या पुढ्यात खाडीला लागून दोघांचे मिळून खाजण. खाजण म्हणजे भरतीचे पाणी मातीदगडाच्या बांधाने अडवून काढलेली भातजमीन. तिथला तांबडा तांदूळ जाडाभरडा असतो, पण गावाचे वर्ष त्यावर निघे. बांध फुटला की खारे पाणी आत येते आणि मग कितीतरी वर्षे तिथे भात होत नाही. म्हणून मोठ्या उधाणाला बांधावर रखवाली लागे. रखवालीची पाळी ठरवायला गावचा एक माणूस दारोदार फिरे. दारात जो असेल तो उत्तर देई. मग ती म्हातारी असो, नवी सून असो की परकरातली पोर असो. "आमचं घर उभं ऱ्हाईल" एवढे म्हटले की ते घर शब्दाने बांधले गेले. मग घरातल्या कर्त्या पुरुषाने "मला विचारलं नव्हतं" म्हणायचे नाही. तसे कोणी म्हटल्याचे गावात कोणाला आठवत नव्हते.

ही रीत मला माहीत होती, कारण ती खटल्यात आली होती. दादासाहेब म्हणून एक खोत होते. खोती गेल्याचा कायदा झाला होता, पण खाजण खोतीत येत नाही, ती आमची खासगी जमीन आणि बांधही आमच्या पूर्वजांनी घातलेला, असे त्यांचे म्हणणे. त्यांना तिथे मिठागर घालायचे होते. खारवाडीचे म्हणणे असे की बांध आमचा, म्हणून जमीन आमची. गावाचे वकील अण्णा. साक्षीपुरावे सगळे झाले होते, शेवटचा युक्तिवाद तेवढा राहिला होता, आणि अण्णांनी तो एका सकाळी माझ्यापुढे करून दाखवला. शेवटी ते झोपाळ्यासमोर येऊन उभे राहिले. "साहेब, या गावात परकरातल्या पोरीने दिलेला शब्दसुद्धा घराला बांधतो. ज्या बांधासाठी माणसं पिढ्यानपिढ्या असा शब्द देतात आणि पाळतात, तो बांध त्यांचा नाही तर कोणाचा?" माझ्या अंगावर काटा आला. भिकाजी विरुद्ध बाजूचे असूनही डोळे पुसू लागले. मी खारवाडीच्या बाजूने निकाल दिला आणि न्यायासनावरून उडी मारली.

याच सुमारास अण्णांना लोकसभेचे तिकीट मिळाले. पक्षाला जिल्ह्यात ओळखीचा चेहरा हवा होता, आणि ज्याच्या ओटीवर निम्मा जिल्हा पेज जेवून गेला आहे असा दुसरा माणूस त्यांना सापडला नसावा. घरात एकदम गर्दी झाली. टाइपरायटरचा ठेका बिघडला तो बिघडलाच. मी कामाला लागले. कोणत्या गावाला कोण जाणार, तरीची भरती कधी, जेवणाला किती पाने, याच्या याद्या मी तेव्हापासून करते. पहिलीच निवडणूक, दर उमेदवाराची वेगळी पेटी असायची, आणि कोणत्या पेटीत चिठ्ठी टाकायची हे बायकांना समजावणे हे एक मोठे काम होते. अण्णा अंगणात पुरुषांपुढे बोलत. बायका मागच्या पडवीत बसलेल्या असत, तिथे अण्णांना जाता येत नसे. आईला सभा म्हटले की डोके दुखे. तेव्हा मागच्या पडवीत मी जायची. मी सोळा संपून सतराव्यात होते.

खारवाडीला जाताना तरीत अण्णा मला म्हणाले, "सुमे, तिथे बायका एकच विचारतील. मी दिल्लीला गेलो तर खटल्याचं काय? तू सांग, अण्णा स्वतः उभे राहतील."

"राहाल ना पण?"

"लोकसभा काय बारा महिने असते? आणि बांधाचा युक्तिवाद दुसऱ्या कोणाला जमणार आहे? तू ऐकलायस ना तो? निकाल काय दिला होतास?"

"खारवाडीच्या बाजूने."

"मग झालं तर."

नावाडी हसला. मीही हसले. पाण्यावर ऊन होते आणि मला फार मोठे झाल्यासारखे वाटत होते.

मोहल्ल्यात हलीमाबींच्या मागच्या पडवीत दोन्ही वस्त्यांच्या बायका जमल्या होत्या. हलीमाबी पन्नाशीच्या. नवरा बोटीवर खलाशी होता तो परत आला नाही, दोघे मुलगे मुंबईला गोदीत. शेत त्या स्वतः बघत आणि गावातले पुरुष त्यांच्या जिभेला वचकून असत. त्यांनी मला शहाळे दिले. आमच्या घरची माणसे मोहल्ल्यात शहाळ्यापलीकडे काही घेत नाहीत हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी दुसरे काही विचारलेही नाही. मी पेटीचे सगळे समजावून सांगितले. ते संपल्यावर त्या म्हणाल्या, "बाय, तुझा बापूस बोलतो ब्येस. पन निवडून आला का दिल्लीस जानार. मग आमच्या तारखेस कोन उभा ऱ्हानार? ह्यो दोन बोटांचा कारकून?"

बायका खळखळून हसल्या. अंगणात भिकाजींना बहुधा ठसका लागला असेल.

"अण्णा स्वतः उभे राहतील," मी म्हटले.

हसणे थांबले. हलीमाबींनी माझ्याकडे निरखून पाहिले. "ह्या कोन बोलतंय? तू बोलतंस, का तुझा घर बोलतंय?"

प्रश्न काय आहे ते मला नीट कळले. "आमचं घर बोलतंय," मी म्हटले.

"मग ऱ्हायला नाय काय," असे म्हणून त्यांनी बाकीच्यांकडे पाहिले आणि विषय तिथेच संपवला. पुढे निवडणूक झाली तेव्हा खारवाडीच्या बायका पहिल्या तरीने अलीकडच्या केंद्रावर हजर होत्या, असे भिकाजींनी येऊन सांगितले.

अण्णा निवडून आले. आगबोटीवर त्यांना पोचवायला अर्धे शहर बंदरावर लोटले होते. त्यांचे सामान मी भरले होते: लोकरीचा कोट, सुपारीचा डबा, आमसुले, आईने दिलेली फणसाची साठे. काळा कोट मी वेगळ्या कापडात गुंडाळून घरीच ठेवला, खारवाडीच्या तारखेसाठी. तारीख पडायला पुढे बराच काळ गेला. दरम्यान अण्णा येत आणि जात, आणि दर खेपेला ओटीवरची माणसे बदलत. पेज पिऊन कोर्टात जाणारी मागे सरली, हार घेऊन येणारी पुढे आली. त्यांत दादासाहेबही असत. वरच्या गावांतली मते त्यांनी मिळवून दिली होती असे बोलले जाई. ते झोपाळ्यावर बसत आणि झोका घेत. मला ते खुपे, पण आता न्यायासनाचा नियम सांगणार कोणाला?

खारवाडीची तारीख लागली तेव्हा लोकसभेला सुटी होती आणि अण्णा दोन दिवस आधी घरी आले. मला वाटले, तारखेसाठीच आले. पहाटेपासून मी तयारी केली. कोट झटकला, गळ्याच्या पांढऱ्या पट्ट्या खळ घालून कडक केल्या, कागद बांधले. आईने घावन केले होते, नारळाच्या रसाबरोबर. अण्णा सावकाश जेवले, हात धुतले आणि म्हणाले, "कोट आत ठेव. आज कोर्टात जायचं नाही."

"आज खारवाडीची तारीख आहे."

"माहीत आहे. वकीलपत्र सोडलं मी. रीतसर परवानगी घेऊन सोडलंय. एक नवा मुलगा आहे, तो बघेल."

आईने घावनाचा तवा खाली उतरवला. "अहो, पण का?" तिने विचारले.

"दादासाहेबांच्या विरुद्ध उभं राहणं आता बरं दिसत नाही. संध्याकाळी सत्कार आहे, अध्यक्ष तेच. सकाळी कोर्टात त्यांच्यावर बोलायचं आणि संध्याकाळी त्यांच्या हातून हार घ्यायचा?"

"मग हार घेऊ नका," आई म्हणाली.

अण्णांनी तिच्याकडे पाहिले नाही. मी विचारले, "खारवाडीला कळवलंय?" त्यांनी कचेरीकडे मान वळवली. "भिकाजी कळवणार होते." टाइपरायटर थांबला होता. भिकाजी दारात आले आणि म्हणाले, "तरीपर्यंत गेलो होतो, बाय. पुढे पाय उचलला नाही."

मी तशीच कोर्टात गेले. खारवाडीची माणसे आवारातल्या झाडाखाली बसली होती, पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. हलीमाबींनी मला पाहून जागा केली. "आलीस? वकील मागून येतायत ना?" मी सांगितले. कसे सांगितले ते आठवत नाही. कोणी ओरडले नाही. एक म्हातारे कुणबी होते, त्यांनी फक्त विचारले, "आजारी हायत काय?" मी नाही म्हटले. मग आम्ही आत गेलो. तो नवा वकील कागद उलटसुलट करीत होता. त्याने मुदत मागितली, ती मिळाली नाही. आधीच पुष्कळ मुदती होऊन गेल्या होत्या. मग तो जे बोलला त्यात सातबारा होता, नकाशा होता, पण रखवाली नव्हती, दारोदार फिरणारा माणूस नव्हता, परकरातली पोर नव्हती. मला तो युक्तिवाद तोंडपाठ होता. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणत होते आणि समोर तो मुलगा भलतेच काही वाचत होता. आजही कधीकधी मी तो मनातल्या मनात पुरा करते. शेवटचे वाक्य आले की अजून काटा येतो, आणि तो यावा याची मला चीड येते.

सत्कार शाळेच्या पटांगणात होता. ऊन कलले होते. मांडवात डाव्या हाताला बायकांची बैठक. आई घरीच राहिली होती, मला जावेच लागले. दादासाहेबांनी हार घातला, टाळ्या झाल्या, अण्णा बोलायला उभे राहिले. तेवढ्यात मागून आवाज आला, "वकीलसाहेब, येक विचारायचा हाय." खारवाडीची माणसे तरीवर न जाता इकडे आली होती. हलीमाबी उभ्या होत्या. डोक्यावरची ओढणी नीट करीत त्या म्हणाल्या, "आज तुमी आमच्यासाठी उभं ऱ्हाला नाय. तुमच्या घरानं सबूद दिलान होता. ही तुमची लेक माझ्या पडवीत बसून बोल्ली. इचारा तिला."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. अण्णांनीही पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी तो चेहरा ओळखत होते. विरुद्ध बाजूच्या साक्षीदारात भोक सापडले की ते असे दिसत. ते हसले आणि म्हणाले, "हलीमाबी, पोर बापाच्या प्रेमापोटी काहीतरी बोलून गेली असेल. मी मात्र आहे वकील, मला कायदा बघावा लागतो. माझी मुलगी अजून सज्ञान नाही. आणि सज्ञान नसलेल्याने दिलेला शब्द कायद्यात टिकत नाही."

मांडव हसला. दादासाहेब मांडीवर थाप मारून हसले. वकील मंडळी पुढच्या रांगेत होती, ती तर फार खूश झाली. पुढे बार रूममध्ये हा किस्सा अण्णांच्या हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून सांगितला जाई. त्या गौरवग्रंथातही तो आहे, दुसऱ्या कोणाच्या तरी लेखात, आणि त्यात हलीमाबींचे नाव 'एक वृद्ध मुस्लिम महिला' असे आहे. हसण्यात त्या नव्हत्या, खारवाडीचे कोणीच नव्हते. त्यांना विनोद कळला नाही असे नाही. घरातल्या पोरीचा शब्द घराचा नाही, असे एखादा बाप चारचौघांत म्हणू शकतो, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते. मी उठून उभी राहिले आणि म्हणाले, "अण्णा, तुम्हीच सांगितलं होतंत." पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. शेजारच्या बाईंनी मला हाताला धरून खाली बसवले.

घरी आल्यावर अण्णांनी हार खुंटीला अडकवला. मी झोपाळ्यासमोर उभी होते. "तरीत तुम्ही सांगितलंत म्हणून मी बोलले. आणि मांडवात तुम्ही म्हणालात, मी मनानं बोलले."

"सुमे, जाहीर सभा म्हणजे साक्षीचा पिंजरा नव्हे. वेळ निभावून न्यावी लागते."

"पण खारवाडीत पोरीचा शब्द घराला बांधतो. तुम्हीच म्हणाला होतात. इथे. याच जागी."

अण्णा अगदी मायेने म्हणाले, "अगो, तो युक्तिवाद होता."

आई आतून पाणी घेऊन येत होती. ती तिथेच थांबली, तांब्या जमिनीवर ठेवला आणि परत आत गेली. त्या दिवसापासून तिने कोर्टाच्या लोकांसाठी पेज केली नाही. कोणी विचारले तर म्हणे, गुडघे दुखतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तरीवर गेले. खारवाडीची माणसे शहरात कोणाकडे तरी राहिली होती आणि आता परत निघाली होती. मी काय बोलणार हे मी ठरवून गेले होते, पण हलीमाबींनी मला बोलूच दिले नाही. "तुजा काय चुकला नाय बाय. बापसानं तुला पुढं केलान, तू गेलीस. मीच येडी, पोरीकडं बघून घर वळखाया गेले." मग तरीत पाय ठेवता ठेवता त्या वळल्या. "पन येक ध्यानात ठेव. पुन्यांदा माझ्या दारात कोनाच्या नावानं येव नुको. आलीस तर आपल्या नावानं ये."

निकाल विरुद्ध गेला. मिठागर काही झाले नाही, दादासाहेबांचे पैसे दुसरीकडे गुंतले. पण कोर्टाने बांध त्यांचा ठरवल्यावर उधाणाला तिथे जाऊन उभे राहील कोण? ना त्यांची माणसे गेली, ना गावाची. दुसऱ्या पावसाळ्यात बांध फुटला. खारवाडीची तरणी माणसे एकेक करून मुंबईला आणि बोटींवर गेली. हे सगळे मला कोणी मुद्दाम सांगितले नाही. तरीवर जाणारी-येणारी माणसे बोलत, ते कानावर पडे.

पुढच्या निवडणुकीपर्यंत मी मुलींच्या शाळेत शिकवू लागले होते. अण्णा दिल्लीहून आले, ओटी पुन्हा भरली, याद्या पुन्हा माझ्याकडे आल्या. मी त्या केल्याही. काम नीट न करणे मला जमत नाही. एका सकाळी अण्णा यादीवरून बोट फिरवीत आले आणि थांबले. "खारवाडी कुठे आहे?"

"घातलेली नाही."

"तिथे तुलाच जायला हवं. बायका तुझं ऐकतात. रस्ता, शाळा, काय हवं ते सांग. मी करीन."

"नाही जाणार."

"अजून तेच धरून बसलीस? पाच वर्षं झाली, सुमे."

"पाच वर्षं झाली म्हणूनच, अण्णा. आता मी सज्ञान आहे. आता दिलेला शब्द टिकतो. म्हणून देणार नाही."

कचेरीतला टाइपरायटर थांबला. अण्णांनी यादी घडी करून खिशात घातली आणि भिकाजींना घेऊन ते स्वतः खारवाडीला गेले. पुरुष अंगणात आले, चहा झाला, मागच्या पडवीत कोणी जमले नाही, असे भिकाजींनी मला नंतर सांगितले. अण्णा तरीही निवडून आले. एका खारवाडीने खासदार पडत नाही, हे त्यांना आधीपासून माहीत असावे.

शेवटच्या आजारात मीच त्यांच्याजवळ होते. औषधांच्या वेळा मी चुकू दिल्या नाहीत. ते बंदराबद्दल बोलत, सभागृहातल्या भाषणांबद्दल बोलत, एकदोनदा माझ्या झोपाळ्यावरच्या निकालांबद्दलही बोलले आणि हसले. खारवाडीचे नाव त्यांनी घेतले नाही. मीही घेतले नाही. मी वाट मात्र पाहिली.

त्या दुसऱ्या निवडणुकीचा गुलाल वाळला नव्हता तेव्हाच एका रविवारी मी तरीत बसले. बरोबर काही नेले नव्हते, मागायचेही काही नव्हते. खाजण होते तिथे पाणी चकाकत होते आणि चिपीची खारफुटी रोपटी वर आली होती. बांधाचे दगड ओहोटीला तेवढे दिसत. हलीमाबी मागच्या पडवीत सुकट निवडत बसल्या होत्या. बऱ्याच म्हाताऱ्या दिसल्या. त्यांनी हाताचा आडोसा करून पाहिले.

"कोनाच्या नावानं आलीस गो?"

"माझ्या."

त्यांनी सूप बाजूला सारले आणि शहाळ्यासाठी कोणाला हाक मारणार तोच मी म्हटले, "शहाळं नको. भूक लागलीय."

"तांदूळ दुकानातला हाय," त्या म्हणाल्या. "आपला नाय आता."

"चालेल."

"मग बस," असे म्हणून त्या आत गेल्या, आणि मला ताटली पुसल्याचा आवाज ऐकू आला.